पांढऱ्या जोडीची तपकिरी पिल्लं

मॅव्हिस प्रुएट बावीस वर्षं आपल्या गॅरेजमध्ये बोआ साप वाढवते. शाळेची बस चालवून उरलेला वेळ सापांना, आणि सापांतून उरलाच तर मला. मी तिची शेजारीण. माझ्याकडेही आठ बोआ आहेत, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

आमच्या ओकीचोबी गावात हा धंदा शब्दावर चालतो. पांढरेपणा आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू पांढरं होतं. एकाकडूनच आला तर ते तपकिरी दिसतं, पांढरेपणा आत दडवून. तो आहे असं विकणाऱ्याने सांगायचं आणि घेणाऱ्याने मानायचं.

डेल हॅचरने मॅव्हिसकडून अशी तपकिरी मादी नेली आणि आपल्या पांढऱ्या नराला लावली. एकोणीस पिल्लं झाली. साधारण निम्मी पांढरी हवी होती, एकही नव्हतं. झालं! सापांच्या बाजारात हा बाबा टेबलाटेबलावर सांगत सुटला, "मॅव्हिस साधी जनावरं खपवते."

"तुझा नर दुसऱ्या घराण्यातला असणार," मॅव्हिस म्हणाली. पांढऱ्यांची दोन घराणी आहेत. दिसायला सारखी, पण एकमेकांत मिसळली की पिल्लं सगळी तपकिरी. "आण त्याला. तुला दिलेल्या मादीच्याच घराण्यातली माझी पांढरी मादी आहे, तिला लावू. पिल्लं पांढरी झाली तर मी खोटी. गॅरेजला कुलूप."

"बघ हं, मागाहून रडशील."

"तू नर आण, रडायचं माझं मी बघते."

पुढचे महिने तिला जेवण गोड लागलं नाही. मादी व्यायला लागली त्या दुपारी आम्ही तिघं टबाभोवती उभे होतो. आयुष्यभर पांढऱ्या पिल्लांसाठी देवाला साकडं घालणारी बाई आज उलटं मागत होती. बोआ अंडी घालत नाही, पिल्लू पातळ पिशवीतून बाहेर येतं. पहिली पिशवी फुटली. ओल्या अंगाचा रंग कळेना. मॅव्हिसने माझं मनगट आवळलं.

तपकिरी.

दुसरंही तपकिरी. चौदाच्या चौदा. मी डेलकडे असं पाहिलं की त्याने टोपीच काढली.

"चुकलो, मॅव्हिस," तो म्हणाला. "मलाच कुणीतरी फसवलं. मी या नराचा तिसरा मालक. ही चिठ्ठी याच्याबरोबर आली होती."

चिठ्ठीवर मॅव्हिसच्या मादीचंच घराणं लिहिलं होतं. सही नव्हती. पण ते गोल अक्षर मी बावीस वर्षं पाहतेय. मी तिला डोळ्यांनी दटावलं, गप्प बस म्हणून.

"डेल, हे अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "हा माझ्याच गॅरेजात जन्मला. घराणं मीच चुकीचं लिहिलं."

डेलने चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "फाडून टाक गं. कुणाला कळतंय?"

"त्या विणीतली आणखी अकरा पिल्लं माझ्या शब्दावर गेलीत."

तिने फोन उचलला आणि त्यातल्या पहिल्या गिऱ्हाइकाचा नंबर दाबला.

"हॅलो, मॅव्हिस प्रुएट बोलतेय. तुमच्या सापाबद्दल मी दिलेला शब्द खोटा निघाला."