शहाची तसबीर
घटातलं धान हिरवं झालं की मला पूर्णा स्टेशनसमोरचं इराणी हॉटेल आठवतं. ते चालवणारे दोघं भाऊ नवरोजच्या, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाला बशीत असाच गहू उगवत, अन् नांदेड-हैदराबादचे इराणी पाहुणे पुलाव खायला जमत. मी रेल्वेत कारकून, रोजचं चहाचं गिऱ्हाईक, म्हणून मलाही आवतन असे. त्या साली मात्र वातावरण तंग होतं. तिकडे इराणात तेलाच्या भांडणापायी शहानं, म्हणजे तिथल्या राजानं, पंतप्रधानाला कैदेत टाकलं होतं. थोरला शहाच्या बाजूचा, धाकटा पंतप्रधानाच्या. जेवणं चालू असतानाच धाकट्यानं गल्ल्यावरची शहाची तसबीर भिंतीकडे फिरवली. थोरला ओरडला, "होटल मेरा है, तू नौकर है यहाँ!" धाकटा ताट सारून उठला, तो दुपारच्या गाडीनं हैदराबादला निघून गेला. पावसाळ्यात मी कामानं तिकडे निघालो तेव्हा थोरला म्हणाला, "बाबू, उसकू बोलो, तसबीर मैं खुद उतारा. आ जा अब." धाकटा एका हॉटेलात कप विसळताना भेटला. "चला ना, ते लय वाट पाहायलेत," मी म्हणालो. तो म्हणाला, "तसबीर का क्या है बाबू? सबके सामने मेरेकू नौकर बोला." परतल्यावर मी थोरल्याला ते सांगितलं. त्यानं मलाच विचारलं, "मैं ऐसा बोला?" त्याला खरंच आठवत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तो हैदराबादला धावला, पण भाऊ तिथून कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आता या वयात, मीही कुणाला काय बोलून विसरलो असेन, याचाच घोर लागतो.