अकरा लग्नं जुळवून हेझलआंटी शिकायला गेली

हेझल तुस्कानो या बाईने कॅनडात, मिसिसागात राहून अकरा लग्नं जुळवली. त्यातलं सातवं माझं. तेव्हा तिच्याबद्दल मी जे काही लिहीन त्यात थोडा राग असणारच, हे आधीच सांगून टाकते.

नात्याने ती माझी कुणी नाही. वसईला आमच्याच गिरीज गावची, म्हणून आंटी. विमानतळाजवळच्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीत तिने वीस वर्षं ऑफिस सांभाळलं आणि उरलेल्या वेळात लोकांचे संसार. आमच्या लोकांत नवरा-बायकोचं वाजलं की फादरकडे नंतर जायचे, आधी हेझलआंटीकडे. ती दोघांना समोर बसवायची, ज्याची चूक असेल त्याला झाडायची, ज्याची नसेल त्यालाही थोडं झाडायची आणि मटण वाढून घरी पाठवायची. जिने जुळवलं तिनेच निस्तरायचं, असा आमच्यात रिवाजच होता.

२००९ साली कंपनीने तिला घरी बसवलं. तेव्हा ती बावन्न वर्षांची. तिने सरळ हॅमिल्टनच्या बाजूच्या एका ख्रिस्ती युनिव्हर्सिटीत मॅरेज अँड फॅमिली थेरपीच्या कोर्सला अप्लाय केलं. "इतकी वर्षं न शिकता केलं, आता शिकून करते," म्हणाली. आम्हाला वाटलं, ही तिथे जाऊन त्यांनाच चार गोष्टी शिकवेल.

झालं भलतंच. दर गुरुवारी बसने परतताना ती माझ्याकडे चहाला थांबायची, आणि दर गुरुवारी आधीपेक्षा जास्त गोंधळलेली असायची. तिथे वर्गाआधी प्रार्थना व्हायची, पण आम्हा कॅथलिकांसारखी माळ नाही की मरियामाता नाही. तेवढं तिने चालवून घेतलं असतं.

"रोझमेरी, ॲडव्हाइस द्यायचा नाही म्हणतात."

"मग करायचं काय?"

"विचारायचं. हाउ डज दॅट मेक यू फील. मग ते बोलेपर्यंत गप्प बसायचं."

"आणि बोललेच नाहीत तर?"

"तरी गप्प." तिने कपाळाला हात लावला. "गप्प बसायला शिकायला मी रोज दोन बस बदलते, बघ."

दुसऱ्या वर्षी खरीखुरी जोडपी समोर आली. त्या खोलीत एका भिंतीला मोठी काच. जोडप्याला विचारून, काचेच्या पलीकडे बसून, शिकवणाऱ्या मॅडम सगळं बघायच्या. पहिल्याच जोडप्याला आंटीने पाचव्या मिनिटाला निकाल सुनावला: तू हिची माफी माग, आणि तू त्याच्या आईला फोन कर. मॅडमनी तिला बाहेर बोलावून घेतलं. "हेझल, ते एकमेकांचं ऐकायला आले होते की तुझं?" असं विचारलं म्हणे. ते सांगताना तिचे डोळे भरून आले होते आणि मला, खरं सांगते, हसू येत होतं.

२०११च्या फेब्रुवारीत माझं हसू गेलं. ॲलिस्टरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला न विचारता विमानाने चार तासांवरच्या कॅल्गरीची बदली घेतली. जूनमध्ये जायचं. मला कळलं ते त्याच्या मित्राच्या बायकोकडून, ग्रोसरीच्या लाइनमध्ये, हातात कोथिंबीर धरून उभी असताना. घरी येऊन विचारलं तर म्हणाला, "तुला यायचं तर ये." लेक नववीत, सोळा वर्षांचा संसार, आणि यायचं तर ये! धड भांडणही झालं नाही. तो टीव्हीसमोर बसून राहिला. मी मात्र घाबरले होते. हा एकटा गेला तर परत यायचा नाही, असं मला आतून वाटत होतं.

मी त्याला उठवलं आणि हेझलआंटीकडे घेऊन गेले. आता तर तिच्याकडे शिक्षणही होतं. आम्ही सोफ्यावर बसलो, मी सगळं घडाघडा सांगायला सुरुवात केली, तर तिने हात वर केला.

"थांब. मी तुमचं हे ऐकू शकत नाही. आय नो यू."

"ओळखतेस म्हणूनच आलो ना!"

"ओळखीच्या माणसांना घ्यायचं नाही, असा रूल आहे." तिने एका कागदावर तीन नावं लिहून दिली. तिघंही अनोळखी. आणि चक्क दारापर्यंत सोडायला आली. मटण दूरच, पाणीसुद्धा विचारलं नाही. मला इतका अपमान वाटला की पुढचे कितीतरी गुरुवार मी तिच्यासाठी दार उघडलं नाही.

तरी त्या कागदावरच्या ओकव्हिलच्या बाईकडे आम्ही गेलो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. शांत आवाजाची गोरी बाई. तिला आमचं गाव माहीत नाही, चर्च माहीत नाही, आंटी माहीत नाही. तिने विचारलं, तुम्ही एकमेकांना का निवडलंत?

मी म्हटलं, ह्याने मला निवडलं. तेव्हा हा नाताळला तीन आठवड्यांसाठी वसईला आला होता. आम्ही दोनदा चहाला भेटलो. मग तेव्हा सुटीवर गावी आलेल्या हेझलआंटीने आमच्या घरी येऊन सांगितलं, मुलाला रोझमेरी इतकी आवडलीय की तो दुसरी मुलगी बघायलाच तयार नाही. म्हणून मी हो म्हटलं.

ॲलिस्टर माझ्याकडे बघतच राहिला. "आय नेव्हर सेड दॅट." मग हळूच म्हणाला, "मला आंटीने सांगितलं, मुलीने तुझ्यासाठी दोन स्थळं नाकारली."

मी एकही स्थळ नाकारलं नव्हतं. मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

तिथून मी एकटी थेट आंटीचं घर गाठलं. ती बेसमेंटमध्ये अभ्यासाला बसली होती. मी उभ्या उभ्याच विचारलं. तिने नाकारलं नाही.

"अकराही वेळा तेच सांगितलं, दोन्ही घरी. कुणीतरी पहिलं 'आवडलं' म्हणायला नको का? मुलं तर तोंडच उघडत नव्हती." तिने समोरचं पुस्तक मिटलं. "रूल आहेच गं. पण नसता, तरी मी तुमच्यापुढे बसले नसते. तुमच्या दोघांच्या मधे मी पहिल्या दिवसापासून बसलेय. मॅडमना मी हे सगळं सांगितलंय. कोर्स सोडू का, रोझमेरी? तूच सांग."

तिला खडसवायचं की जवळ घ्यायचं, मला समजेना. तिने मला फसवलं होतं. आणि तिने फसवलं नसतं, तर माझी लेक या जगात नसती. मी तशीच जिना चढून निघून आले.

ओकव्हिलला आम्ही आणखी चारदा गेलो. जूनमध्ये ॲलिस्टर कॅल्गरीला गेला, एकटाच. मी येते म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही. हेझलआंटीने कोर्स सोडला नाही. पुढच्या वर्षी पास झाली आणि हॅमिल्टनला एका छोट्या ऑफिसात अनोळखी माणसांचे संसार ऐकत बसते. स्थळं आणायचं तिने बंद केलं, म्हणून आमच्या बायका तिला शिष्ट म्हणतात.

ती पास झाली त्याच्यानंतरच्या नोव्हेंबरात, एका रविवारी दुपारी ॲलिस्टरचा फोन आला. नेहमी लेकीशी बोलायचा. त्या दिवशी म्हणाला, तूच बोल.

"मी हेझलआंटीला फोन केला होता. तुला एक निरोप द्यायचा होता. शी रिफ्यूज्ड. म्हणाली, मी आता निरोप पोचवत नाही, तूच सांग."

"कसला निरोप?"

पलीकडून किती तरी वेळ आवाज नाही. मीही गप्प राहिले.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. इतकं घाईत म्हणाला की पुन्हा विचारावं लागलं, आणि त्याने पुन्हा सांगितलं.

हे मला आजवर कुणी स्वतःच्या तोंडाने सांगितलंच नव्हतं. बेचाळीस वर्षांच्या बाईने यावर काय बोलायचं असतं? आनंद होत होता, इतकी वर्षं कुठे होतास म्हणून संतापही येत होता.

"विचार करून कळवते," मी म्हटलं.