दुधाचा डबा मी ओतला

मी नर्स होते. वाटूरहून आष्टीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत एक उपकेंद्र आणि त्याखालची पाच गावं, एवढा माझा मुलूख. या बाईच्या जिभेला हाड नाही अशी त्या मुलखात माझी ख्याती होती, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडायची. बाळाच्या तोंडात बाटली दिसली की माझं डोकं फिरायचं. धुतलेली नसायची, बुचावर माशा, आत निम्मं पाणी. पोरं हगवणीनं हातची जायची. मी बाटली हिसकावून घ्यायची, आईला चारचौघांत झापायची आणि समोर बसून अंगावर पाजायला लावायची. गल्लीत शिरले की पोरं ओरडायची, "शिस्टर आली, बाटल्या लपवा." मला हसू यायचं. त्या धाकानं काही लेकरं वाचली, हेही खोटं नाही.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका घरची सून बाळंतपणाला माझ्याकडं न येता थेट जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली. नऊ महिने तिला मी तपासलेलं, सुया मी टोचलेल्या, आणि ऐनवेळी मला डावलून शहर. मला राग आला होता. तो राग घेऊनच मी दहाव्या दिवशी तिच्या घरी गेले, हे आता कबूल करते.

सासू दारातच म्हणाली, "बघा ना शिस्टर, सुनंला दूधच न्हाई आलं. पोरगा जालन्याहून पावडरचा डबा घेऊन आल्ता, त्याच्यावरच चालू हाये."

सून बाजेवर बसून लेकीला वाटी-चमच्यानं पाजत होती. वाटी लख्ख, पाणी उकळून झाकून ठेवलेलं. इतकं नीट कुणी शिकवल्याशिवाय जमत नाही. मला ते दिसलं, पण मी त्याचा विचार केला नाही, कारण मला दुसरंच दिसलं होतं. तिचं पोलकं पुढून ओलंचिंब होतं.

"दूध न्हाई म्हणे. मंग हे काय गळून राह्यलंय?" मी सासूच्या देखत विचारलं.

"डॉक्टरनी नको म्हणलंय," सून पुटपुटली.

"कोणत्या डॉक्टरनी? का नको?"

तिनं सासूकडं पाहिलं आणि मान खाली घातली. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिथंच थांबली असती. मी डबा उचलला, बाहेर नेऊन उकिरड्यावर ओतला, आणि परत येऊन लेकरू तिच्या छातीशी लावलं. लेकरानं लगेच धरलं. आई रडायला लागली. पहिल्यांदा दुखतं, सगळ्याच रडतात, असं मी म्हणाले. निघताना सासूला बजावलं, "हिच्यावर ध्यान ठेवा. दोन-तीन तासाला पाजती का न्हाई बघा. पुन्हा डबा आणला तर मला सांगा." सासूनं ते मनापासून पाळलं. नातीवर तिचा फार जीव होता.

बारा दिवसांनी, लसीकरणाच्या दिवशी, सून लेकराला घेऊन उपकेंद्रावर आली. पुढची लस दीड महिन्याची, हे तिलाही माहीत होतं. बाकीच्या बायका गेल्यावर तिनं दुपट्याच्या घडीतून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. एचआयव्हीचा रिपोर्ट होता. गरोदरपणातच, जालन्याला तपासल्यावर कळलं होतं. नवऱ्यालाही होता. घरात तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

"जालन्याच्या दवाखान्यातल्या बाईनी बराबर समजून सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "एक तर निव्वळ अंगावरचं, न्हाईतर निव्वळ वरचं. दोन्ही मिळून बिलकुल न्हाई, त्यानं लेकराला धोका वाढतो. आम्ही वरचं धरलं. मंग तुम्ही आल्या."

आता गोळ्या चालू ठेवून अशा आया अंगावर पाजतात. तेव्हा आमच्याकडं त्या गोळ्या नव्हत्या.

"मला एकटीला गाठून का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही गावात बोलल्या असत्या, असं वाटलं."

माझी ख्याती मीच कमावलेली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी जीपनं जालन्याला गेले. तिथं त्यांनी अंगावरचं बंद करायला सांगितलं. परत आल्यावर मी सासूला म्हणाले, दुधात पू येतोय, डबाच चालू ठेवा. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, शिस्टर." एका वाक्यात काम झालं. पहिल्या दिवशी सासूला चहा ठेवायला आत पाठवून मी सुनेला खालच्या आवाजात विचारलं असतं, तर पूचं हे वाक्य मला तेव्हाच बोलता आलं असतं.

दीड वर्षानं लेकीची तपासणी झाली. बरोबर मीच गेले होते. लेकीलाही निघाला. पोटात असताना झाला, बाळंतपणात की दुधातून, हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं.

बाहेर बाकड्यावर आम्ही दोघी बसलो. लेक तिच्या मांडीवर बिस्कीट खात होती. आता ही मला बोलणार, म्हणून मी वाट बघत होते. तिनं बोलावं असं मला फार वाटत होतं.

"शिस्टर, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "आधी दहा दिवस ती छातीत तोंड खुपसून रडायची आन् मी मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची. मंग तुम्ही जबरदस्ती केली. खरं सांगते, ते बारा दिवस मला लई बरं वाटलं."

हे ती मला बरं वाटावं म्हणून बोलली की खरंच तसं होतं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. दोन्हीतलं काहीही असो, मला ते सोसत नाही.