भुसावळची ठेव

रेल्वेच्या सिग्नल खात्यातल्या नागनाथ वाघमाऱ्यांचा एक पक्का समज होता. ज्या शाखेत पैसे ठेवले, त्याच शाखेत ते राहतात. तिथल्याच तिजोरीत आणि बहुधा त्याच नोटा. बारा वर्षांपूर्वी त्यांची जयपूरला बदली झाली. तिथल्या खातीपुऱ्यातल्या घरात भांडी आली, कूलर आला, लोणच्याच्या बरण्या आल्या. दीड लाखाची मुदत ठेव मात्र भुसावळलाच राहिली. तिला भेटायला ते दरवर्षी पास काढून जात. पासबुक छापून घेत, ठेव आणखी वर्षभरासाठी ठेवत आणि मॅनेजरला मावा कचोरीचा डबा देत. आजवर पाच मॅनेजर बदलले होते. कचोरी पाचांनाही आवडली होती.

या गुरुवारी मात्र गडबड झाली. त्यांची मुलगी हर्षाली जयपूरजवळच्या सांगानेरला छापील कापडाचे कुर्ते शिवायची. तिथला एक कारखानदार धंदा गुंडाळत होता आणि दोन मोठी शिलाई मशिनं नव्वद हजारांत द्यायला तयार होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पैसे आले तर ठीक, नाहीतर मशिनं झोटवाड्याच्या व्यापाऱ्याला.

"पप्पा, मी फोनवरून लोन घेते. मतलब, पाच मिनिटांत मिळतं."

"किती टक्क्यांनी?"

"चोवीस."

"त्यापेक्षा मी ठेव मोडतो!" नागनाथरावांनी बॅग काढली. "आजच्या गाडीने भुसावळ."

"आणि उद्या संध्याकाळी सांगानेरला कसे याल? उडत?" त्यांच्या पत्नी सुवर्णाबाईंनी विचारलं. "अहो, आपल्या स्टेशनसमोर त्याच बँकेची शाखा आहे."

"असेल. पण यांना माझी ठेव काय ठाऊक?"

"विचारायला पैसे पडत नाहीत. चला."

काउंटरवरच्या कस्तुरीने पासबुकातला नंबर टाकला आणि स्क्रीन वळवली. ठेव समोर हजर, नाव-तारखेसकट! कुणी जवळचं माणूस न कळवता गावात येऊन राहिलं असावं, तसा नागनाथरावांचा चेहरा झाला.

"अंकल, ही मोडू नका," कस्तुरी हिंदीत म्हणाली. "मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळेल. ठेवीवरच कर्ज घ्या. ठेवीला साडेसहा टक्के मिळतात, कर्जाला साडेसात लागतील. ठेव आपली जागेवर कमावत राहील. फक्त कर्ज फिटेपर्यंत तिला हात लावता येणार नाही."

"बारा वर्षांत कुठे लावलाय!" सुवर्णाबाई म्हणाल्या.

नागनाथरावांनी खालच्या आवाजात विचारलं, "आणि पासबुक? तेही इथे छापलं असतं?"

"मशीन दारातच आहे, अंकल."

सुवर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते.

"आणि कर्ज फिटलं नाही तर?" ते पुढे म्हणाले.

"बँक ठेवीतून वळतं करून घेईल."

मग मात्र नागनाथरावांनी चष्मा लावला, अर्जाची ओळ न् ओळ वाचली आणि सही केली. चार वाजता पैसे खात्यात आले. दुसऱ्या दिवशी दुपारी सांगानेरहून फोन.

"पप्पा, दोन्ही मशिनं माझी! आणि हप्ता मीच भरणार, दर महिन्याच्या पाच तारखेला."

"चारला भर. पाचला बँकेत गर्दी असते."

"पप्पा, मी फोनवरून भरणार आहे!"

"तरी चारलाच भर."