फिटरकाकांनी न ओळखलेलं हत्यार

फिटरकाकांना कारखान्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्यांच्याकडची हत्यारांची ये-जा काही थांबली नाही. कुणाचं गॅरेज आवरताना, कुणाच्या सासऱ्यांची पेटी उघडताना एखादी अगम्य वस्तू निघाली, की ती कागदात गुंडाळून काकांच्या टेबलावर येई. काका चष्मा कपाळावर चढवत, वस्तू मुठीत धरत आणि झिजलेल्या जागा बोटांनी चाचपत. "लोखंड खोटं बोलत नाही. माणसाचा हात जिथे लागतो, तिथेच ते झिजतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग निकाल लागे: हे सायकलचे आरे कसायचं, ते पुस्तकाची पाठ गोल करायचं. ऐकणारा खूश, काका त्याहून खूश. थोडा भाव खायची सवयच होती त्यांना.

अशा माणसाला कोपऱ्यावरच्या बेकरीवालीने पार जेरीस आणलं. तिच्या गाळ्यात पूर्वी कसलंसं वर्कशॉप होतं, आणि जुना माळा काढताना तिला एक वस्तू सापडली होती. वीतभर पोलादी पट्टी, टोक वाकवलेलं आणि मधोमध चिरलेलं. लाकडी मूठ, मुठीच्या एका बाजूला अंगठ्यापुरता खळगा. काकांनी अंगठा खळग्यात बसवला, तर टोक छताकडे बघायला लागलं. असल्या आकड्याने कोण काय उचलणार? मशीनचा पट्टा? तार? तापलेलं झाकण? "दोन दिवसांनी ये," ते म्हणाले. दोनाचे आठ झाले.

"जाऊ द्या काका, नाही कळलं तर नाही कळलं," बेकरीवाली म्हणाली. तिचं ठीक होतं. काकांचे थोरले भाऊ त्याच कारखान्यात मेकॅनिक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर एक दिवस दादांनी साधा पाना उलटसुलट करून विचारलं होतं, "हे कशाचं रे?" सगळे हसले. काकाही हसले. दोन वर्षांत दादा मुलांची नावं विसरले, मग स्वतःचं. आपण तेव्हा हसलो, याची काकांना अजून लाज वाटे. आणि आता त्यांनी दादांचं ते वय गाठलं होतं. गेले आठ दिवस ते रोज सकाळी भिंतीवर टांगलेल्या आपल्या हत्यारांसमोर उभे राहून एकेकाचं नाव मनात घेत होते. नावं बिनचूक येत. तरी दुसऱ्या सकाळी ते पुन्हा तिथेच उभे असत.

नवव्या दिवशी दुपारी काकू जेवणाचं टेबल आवरायला आल्या. काका पट्टीसमोर गाल हातात धरून बसलेले.

"यालाही ताट वाढू का आता?" काकू म्हणाल्या. उत्तराची वाट न बघता त्यांनी पट्टी उचलली आणि टेबलावर सुकलेला डिंकाचा डाग तिच्या टोकाने खरवडायला लागल्या.

"थांब," काका म्हणाले. "हात हलवू नकोस."

"काय झालं हाताला?"

हाताला काही झालं नव्हतं. फक्त तो डावा होता. काकू जन्माच्या डावखुऱ्या. लिहिणं, शिवणं, कात्री, सुरी, सगळं डाव्या हाताने. त्यांचा अंगठा खळग्यात चपखल बसला होता आणि टोक खाली, लाकडाकडे वळलं होतं. काकांनी आजवर प्रत्येक हत्यार उजव्याच मुठीत तोललं होतं. दुसऱ्या हाताचा विचार त्यांच्या डोक्यातही आला नव्हता.

त्यांनी शेजारची गादीची खुर्ची उलटी केली. खालचं कापड चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेलं होतं. "यातली एक काढ बघू." काकूंनी चिरलेलं टोक खिळ्याच्या डोक्याखाली सरकवलं आणि मूठ दाबली. खिळा अलगद वर आला. मग दुसरा, मग तिसरा. खुर्च्या मढवणाऱ्या कुणा डावखुऱ्या कारागिराने ते स्वतःच्या हाताला बेतून करून घेतलं असणार.

काका तिथेच फरशीवर बसले आणि हसायला लागले. "चुका काढायचं हत्यार आहे हे."

"मग तुम्हाला काय उपयोग? तुमचं हत्याराशिवायच छान चालतं," काकू म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना काकांचे भरून आलेले डोळे दिसले. त्या खाली येऊन शेजारी बसल्या. काकांनी सगळं सांगून टाकलं: दादांचा पाना, रोजची उजळणी, आपलंही तसंच होईल ही भीती. सांगता सांगताच त्यांना हलकं वाटायला लागलं.

"भिंतीसमोर उभे राहता, ते बघत होते मी," काकू म्हणाल्या. "माझ्याही मनात दादाच येत होते. विचारायचा धीर होत नव्हता."

काकांनी निघालेले तीन खिळे वेचून टेबलावर ठेवले.

"पण विसरलात मात्र खरे," काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"हत्यार नाही हो. बायको डावखुरी आहे, ते."