कापसाचे बोळे

यंत्रमानवांच्या मारामारीचे सिनेमे आमचे हे कानांत कापसाचे बोळे घालूनच बघतात. त्या सिनेमांच्या मालिकेतला प्रत्येक नवा भाग आधीच्यापेक्षा जास्त दणदणाटी आणि जास्त कंटाळवाणा. तरी लेकीच्या हट्टापायी आम्ही तिघं जातोच. परवाचा सिनेमा म्हणजे मात्र त्यातल्याच एका दुय्यम यंत्रमानवाची वेगळी गोष्ट होती. एवढा अवाढव्य लोखंडी गडी, पण एका मुलीच्या चिमुकल्या स्वयंपाकघरात कपबशी फुटू नये म्हणून अंग चोरून बसला होता आणि तिच्याशी अगदी हळू बोलत होता. शेजारी बघते तर ह्यांनी एका कानातला बोळा काढला. थोड्या वेळाने दुसराही. मग माझ्याकडे झुकून विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

सांगण्यासारखं काही उरलं नाही की आवाज वाढत जातो, सिनेमाचा काय नि घराचा काय.

परतताना लेक पुढे चालत होती. रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्ला. मी मुद्दामच पुटपुटल्यासारखं म्हटलं, "आज बरं वाटलं हो."

हे थांबले. कान माझ्याजवळ आणत म्हणाले, "काय म्हणालीस? परत सांग ना."