दुहेरी टीप

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे डबलटीप म्हणत. तोंडावर अर्थात मास्तर. कुठलीही शिवण एकदा मशीनखालून काढली, की तो तिच्याकडे संशयाने बघायचा आणि तिच्यावरच दुसरी टीप मारायचा. खिशाच्या कोपऱ्यांना आतून तुकडा, कॉलरीत जाडजूड बक्रम, पँटीच्या बैठकीला दुहेरी कापड. या सगळ्याला त्याचा एकच शब्द होता, मजबुती. छत्रीच्या मोडक्या काडीला बांधलेली तार म्हणजे मजबुती. थंडीत आत चढवलेला दुसरा बनियन म्हणजे मजबुती. नवराबायकोच्या भांडणात बायकोची बाजू घेणारा शेजारी, म्हणजे मी, हीसुद्धा तिला मिळालेली मजबुतीच.

त्याने शिवलेली माझी एक पँट होती. तिचा रंग गेला, फॅशन गेली, माझी कंबर तर केव्हाच गेली. शिवण मात्र होती तिथेच. थोडी सैल करून मागितली, तेव्हा त्याने सुस्कारा सोडला.

"साहेब, ही उसवायला गेलो तर कापड आधी फाटेल."

"मग उसवता येईल अशी शिवायची ना, मास्तर."

"उसवायचीच असेल तर शिवायची कशाला?"

शेजारच्या स्टुलावर त्याची बायको काजंबटणं करत असायची. मान वर न करता म्हणाली, "त्यांच्याशी वाद घालू नका भावजी. मलाही दुहेरी टीप मारूनच आणलंय. नाहीतर कधीच माहेरी गेले असते."

मग ती आजारी पडली आणि स्टूल रिकामं झालं. दुकानामागच्या खोलीत, पडद्यापलीकडे ती पडून असायची. काजंबटणं आता मास्तरच करायचा. माझ्या शर्टाचं मधलं बटण वाट चुकल्यासारखं एका बाजूला लागलं होतं. मी ते तसंच घालून हिंडलो.

तिची वाळलेली कुडी गाऊनमध्ये हरवायला लागली, तसा तो गाऊन आत घ्यायला लागला. जास्तीचं कापड मात्र कापायचा नाही. आत दुमडायचा आणि वरून दोन टिपा.

"कापत का नाही?" मी विचारलं.

"अंग धरलं की कापड सोडायला नको का?" तो म्हणाला. "राखून ठेवलेलं बरं."

दर वेळी ती थोडी कमी व्हायची आणि शिवण थोडी जाड.

एका दुपारी मी बाकावर बसलो होतो. डॉक्टर पडदा सारून बाहेर आला. मास्तर मशीनवरून उठला.

"डॉक्टर, मजबुतीचं काहीतरी लिहून द्या. टॉनिक, इंजेक्शन, काय असेल ते."

डॉक्टर भला माणूस. चष्मा पुसत राहिला. "मास्तर, आता मजबुतीचं राहू द्या," तो म्हणाला. "त्यांना बरं वाटेल तेवढं बघा."

डॉक्टर गेला. मास्तर उभाच. तेवढ्यात आतून आवाज आला.

"अहो, हा गाऊन कुशीला टोचतो. शिवण पार दोरखंडासारखी झालीय. ते आतलं कापून टाका."

"आणि परत अंग धरलंस म्हणजे?"

"तेव्हा नवा शिवा. कंजूषपणा नको."

तो आत गेला आणि गाऊन घेऊन आला. पात्याने टिपा उसवायला बसला. एक टाका निघे, की खाली दुसरा तयार. आपलीच शिवण आपल्याला दाद देईना, हे बघून त्याने पातं ठेवलं आणि कात्री घेतली. राखलेलं सगळं कापड शिवणीसकट एका लांब पट्टीत खाली पडलं. मग त्याने कडा जुळवून सावकाश एक टीप मारली. टोकाला आल्यावर सवयीने पाय पुन्हा मशीनच्या पायडलवर गेला. तो त्याने उचलून जमिनीवर ठेवला आणि दोरा तोडला.

आत जाऊन त्याने तिला गाऊन घातला. तिने बोटाने शिवण चाचपली असावी.

"एकच मारलीत?"

"एकच."

"टिकेल?"

"टोचते का, ते सांग," तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. मग तिने कूस बदलल्याचा, खाट करकरल्याचा आवाज आला.